जवळ असणे आणि जवळ करणे

सरकारी कचेरीत दिवसाकाठी जे इंग्रजी शब्द सर्वांत अधिक वेळा उच्चारले जातात, त्यांत ‘क्लोज’ हा एक आहे. प्रकरण क्लोज झाले, खाते क्लोज केले, काउंटर क्लोज आहे, असे आपण म्हणतो. आणि त्याच तोंडाने, अमुक अधिकारी वरिष्ठांच्या फार क्लोज आहेत, असेही म्हणतो. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘बंद’ असा असतो, दुसऱ्या ठिकाणी ‘निकट’ असा. इंग्रज मनुष्य उच्चारात या दोहोंचा भेद राखतो. क्रियापदाच्या अंती तो ‘झ’च्या जवळचा ध्वनी काढतो आणि विशेषणाच्या अंती ‘स’. लिहिताना मात्र त्याचीही अक्षरे तीच. आपण तर उच्चारातला भेदही ठेवला नाही. सहज वाटावे की, दोन निरनिराळ्या कुळांतले शब्द योगायोगाने एका वेषात भेटले असावेत.

वस्तुस्थिती तशी नाही. दोहोंचे कूळ एकच आहे. ‘बंद करणे’ या अर्थाचे जे लॅटिन क्रियापद आहे, त्यापासून फ्रेंच भाषेच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत आला. जे बंद झाले त्यात फट उरत नाही. ज्या दोन वस्तूंमध्ये फट उरलेली नाही, त्या परस्परांच्या निकट. आणि मग ज्या दोन माणसांमध्ये अंतर नाही, ती परस्परांची निकटवर्ती. अशा पायऱ्यांनी हा अर्थ चढत गेला. ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्स्क्लूड’ ही दोन क्रियापदे याच घराण्यातली आहेत. एकाचा अर्थ आत घेऊन दार लावणे, दुसऱ्याचा बाहेर ठेवून दार लावणे. दार एकच आहे. आपण कोणत्या बाजूस उभे आहोत, एवढाच काय तो प्रश्न. हाच शब्द इंग्रजीत कोंदट हवेला लावतात, मनातले बाहेर पडू न देणाऱ्या माणसाला लावतात, आणि मूठ न सोडणाऱ्या कृपणालाही लावतात. एडिंबरो शहरात दोन्ही बाजूंनी उंच घरांनी दाबलेल्या अरुंद बोळांना हेच नाव आहे. निकटपणाच्या या शब्दाभोवती भिंतींची सावली अशी सर्वत्र आहे.

इंग्रजीतला दुसरा शब्द ‘नियर’. त्याची हकीकत निराळी आहे. तो मुळात तरभाववाचक शब्द होता. म्हणजे त्याचा अर्थ ‘जवळ’ असा नसून ‘अधिक जवळ’ असा होता, आणि ‘नेक्स्ट’ हे त्याचे तमभावाचे रूप. शेजाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या पोटातही ‘जवळ राहणारा’ एवढाच अर्थ आहे. या शब्दात भिंत नाही, वाटचाल आहे. तथापि कृपणतेचा डाग त्यालाही चुकला नाही. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत बार्किस हा गाडीवान पक्का कंजूष आहे. परंतु त्याची पत्नी पेगॉटी पतिनिष्ठेने त्याला कंजूष न म्हणता, जरासा ‘नियर’ आहे, इतकेच म्हणते. स्वतःच्या वस्तूला जो फार जवळ धरतो, तो दुसऱ्यापासून दूर जातो, ही गोष्ट इंग्रजांच्या भाषेने फार पूर्वी हेरली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत निकटपणाच्या छटा दाखविणारे शब्द विपुल आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे एक नैतिक वजन आहे. ‘घरोबा’ म्हटला की दोन कुटुंबे डोळ्यांपुढे येतात, ‘सलगी’त वयाची वा पदाची पायरी थोडी ओलांडलेली असते, ‘घसट’ म्हटली की ऐकणारा भुवया उंचावतो, आणि ‘लगट’ म्हटली की तो उठून उभाच राहतो. परंतु या सर्वांपेक्षा बोधप्रद आहे तो आपला अगदी साधा ‘जवळ’ हा शब्द, आणि त्याहूनही त्याचे व्याकरण.

इंग्रज मनुष्य म्हणेल, मला पुस्तक आहे, मला पैसा आहे. त्याच्या भाषेत बाळगण्याचे स्वतंत्र क्रियापद आहे. मराठी मनुष्य म्हणतो, माझ्याजवळ पुस्तक आहे, माझ्याजवळ पैसे आहेत. म्हणजे मालकी सांगावयाची असतानाही आपण केवळ स्थान सांगतो. वस्तू माझी आहे, असे त्यात म्हटलेले नाही. ती माझ्या निकट आहे, एवढेच म्हटलेले आहे. आज ती माझ्याजवळ, उद्या दुसऱ्याजवळ. हा आपल्या पूर्वजांच्या अपरिग्रहाचा पुरावा आहे, असा मोठा दावा मी करणार नाही. व्याकरणावरून लोकांचे शील ठरवू नये. पण भाषेने ठेवलेली ही फट विचार करणाऱ्याच्या उपयोगी पडते, एवढे खचित.

तीच गोष्ट माणसांच्या बाबतीत. ‘आईजवळ मन मोकळे केले’, ‘मित्राजवळ शब्द टाकला’, ‘देवाजवळ गाऱ्हाणे घातले’, या प्रयोगांत ‘जवळ’ म्हणजे ऐकणारा कान. आणि शेवटी ‘जवळ करणे’. पोरक्या मुलाला मावशीने जवळ केले, घराने टाकलेल्याला गुरूने जवळ केले, असे आपण म्हणतो तेव्हा ‘जवळ’ ही स्थिती राहत नाही, ती कृती होते. इंग्रजी ‘क्लोज’ क्रियापद झाला की दार बंद होते. मराठी ‘जवळ’ क्रियापदाच्या सोबतीला गेला की दार उघडते. या लेखात जे म्हणावयाचे आहे ते सारे या भेदात आहे.

प्रश्न असा की, जे जवळचे आहेत त्यांचा आपल्यावर अधिक हक्क आहे काय? आणि असल्यास तो कोठवर?

या प्रश्नावर पश्चिमेतील विचारवंतांनी फार खल केला आहे. ॲडम स्मिथ याने १७५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या नैतिक भावनांवरील आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली आहे. भूकंपाने सबंध चीन देश गिळला, अशी वार्ता ऐकून युरोपातील एखादा सज्जन थोडी हळहळ व्यक्त करील आणि रात्री स्वस्थ झोपी जाईल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार, असे त्याला कळले तर रात्रभर त्याचा डोळा लागणार नाही. स्मिथ एवढ्यावर थांबत नाही. तो पुढे विचारतो की, ती करंगळी वाचविण्यासाठी हा सज्जन कोट्यवधी माणसांचे प्राण द्यावयास तयार होईल काय? कदापि नाही. भावना जवळचेच पाहते. पण मनुष्याच्या आत एक तटस्थ साक्षी बसलेला असतो, आणि ‘तू इतरांहून मोठा नाहीस’ हे तो बजावून सांगतो.

१९७२ साली पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतकाने याच प्रश्नाला धार लावली. निमित्त होते १९७१ साली पूर्व बंगालमधून भारतात लोटलेल्या निर्वासितांच्या हालांचे. वाटेवरच्या उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी थांबत नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर असले तर आपले कर्तव्य कमी का व्हावे, असा त्याचा सवाल. केवळ अंतराने नीती बदलत नाही, हे त्याचे उत्तर.

याच्या नेमके समोर महात्मा गांधींना उभे करता येईल. १९१६ साली मद्रासच्या भाषणात त्यांनी स्वदेशीची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, दूरच्याला सोडून आपल्या निकटच्या परिसराची सेवा करावयास लावणारी वृत्ती म्हणजे स्वदेशी. दूरच्या जगाचा उद्धार करण्याच्या मिषाने शेजाऱ्याकडे पाठ फिरविणे, हा त्यांना धर्म वाटत नव्हता. माणसाचे हात दोन आणि आयुष्य थोडे. ते हात प्रथम जेथे पोचतात तेथे कामास लागावेत, हे म्हणणेही सहज खोडून काढण्यासारखे नाही.

दोन्ही पक्षांत सत्य आहे, असे म्हणून हा प्रश्न मिटविता आला असता. परंतु आपणा नोकरदारांच्या आयुष्यात तो तसा मिटत नाही. तो रोज सकाळी दहा वाजता टेबलावर येऊन बसतो.

समजा, दूर प्रांतातील एका केंद्रीय कचेरीत निवृत्तिवेतनाची प्रकरणे हाताळणारा एक मराठी कारकून आहे. सोलापूरकडचे एक वृद्ध गृहस्थ दोन दिवसांचा प्रवास करून येतात. तिसऱ्या वाक्याला त्यांना कळते की, समोरचा मनुष्य आपला आहे. लगेच त्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो, चेहऱ्यावरचा शीण उतरतो, आणि ते म्हणतात, “अहो, म्हणजे तुम्ही आपलेच निघालात! आता काळजी नाही. तेवढं आमचं प्रकरण जरा वर घ्या.” त्यांच्या प्रकरणाच्या वर ढिगात एक प्रकरण आहे, ते पूर्णियाच्या किंवा तिरुनेलवेलीच्या एखाद्या विधवेचे आहे. ती आलेली नाही, येऊ शकणार नाही, आणि आली तरी त्या कारकुनाशी तिला तिच्या भाषेत बोलता येणार नाही. ती म्हणजे आठ अंकी क्रमांक आणि एक अंगठा.

येथे कोण जवळचा?

या गृहस्थांना परके मानावे, असे मी म्हणणार नाही. परमुलखात आपली भाषा कानी पडल्यावर ज्याचे मन हलत नाही, त्याच्या निःपक्षपातीपणावरही माझा फारसा विश्वास बसणार नाही. ते बहुधा शुष्कत्व असते. त्या वृद्धाला बसावयास खुर्ची द्यावी, चहा पाजावा, कोणता कागद कमी आहे ते त्याच्या भाषेत समजावून सांगावे, संध्याकाळी घरी जेवावयास न्यावे. हे सारे त्या कारकुनाचे स्वतःचे आहे: त्याची खुर्ची, त्याचा चहा, त्याची भाषा, त्याची संध्याकाळ. परंतु ढिगातला क्रम त्याचा नाही. तो क्रम त्या न आलेल्या बाईचा आहे. वृद्ध गृहस्थांना एक पायरी वर घेणे म्हणजे आपल्या खिशातून काही देणे नव्हे. ते दुसऱ्याच्या ताटातून उचलून देणे होय, आणि ते ताट समोर दिसत नाही म्हणून आपल्याला ते औदार्य वाटते.

मराठीचे ते व्याकरण येथे उपयोगी पडते. फाईल माझ्याजवळ आहे. पण ती माझी नाही. जवळ असणे आणि आपले असणे यांतील जी फट भाषेने राखून ठेवली आहे, तीच सरकारी नोकराच्या नीतीची जागा आहे. जे माझे आहे त्यावर जवळच्या माणसाचा हक्क पहिला; जे केवळ माझ्याजवळ आहे त्याच्यापुढे सर्व माणसे सारख्याच अंतरावर उभी आहेत.

शासनाच्या नियमांनीही हा भेद आपल्या परीने ओळखला आहे. १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम हे काही वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. पण निकटपणाविषयी त्यांत जे आहे ते मननीय आहे. कुटुंबातील कोणाला खासगी कंपनीत नोकरी मिळवून देण्यासाठी आपल्या पदाचा उपयोग करू नये. ज्या व्यवहारात आपल्या माणसाचा हितसंबंध आहे, तो स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे सोपवावा, असे ते सांगतात. तेच नियम लग्नकार्यासारख्या प्रसंगी जवळच्या नातलगांकडून रिवाजानुसार येणारा आहेर मर्यादेत स्वीकारू देतात, आणि प्रसंगाने घडलेले साधे जेवण किंवा वाटेत गाडीत मिळालेली जागा यांना भेट मानीत नाहीत. म्हणजे मांडवात निकटपणा मान्य आहे. टेबलावर तोच अपात्रतेचे कारण आहे. जो फार जवळ आहे त्याने निवाडा करू नये, एवढेच नियमकर्त्यांना म्हणावयाचे आहे, आणि ते मनुष्यस्वभावाविषयी फारसे कठोरही नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, हे आपल्या आजीबाईंना कोणताही नियम न वाचता ठाऊक होते.

निकटपणाच्या या शब्दांत ‘आप्त’ हा एक शब्द मुद्दाम पाहण्याजोगा आहे. आज मराठीत त्याचा अर्थ नातलग असा आहे; ‘आप्तेष्टांसह यावे’ असे आपण लग्नपत्रिकेत छापतो. न्यायशास्त्रात मात्र आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर भिस्त ठेवावी असा मनुष्य. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायनाने स्पष्ट म्हटले आहे. खरे बोलणारा म्लेच्छ आप्त ठरू शकतो. पुढे शतकांच्या ओघात आपण सत्याची अट काढून टाकली आणि रक्ताची घातली. शब्द तोच राहिला. दार तेवढे बंद झाले.

हे दार किती घट्ट बंद होऊ शकते, याचा इतिहास आपल्याच प्रांतात आहे. अंतराचा नीतीशी काय संबंध, असा प्रश्न सिंगरने हजारो मैलांच्या बाबतीत विचारला. आपल्याकडे तो शंभर पावलांच्या बाबतीत विचारावा लागतो. गावकुसाबाहेरची वस्ती गावापासून किती दूर होती? हाक मारली तर ओ येईल इतकी. त्या वस्तीच्या श्रमावाचून गावाचा एक दिवस सरत नसे. तरी तिथल्या माणसाची सावली दूर, त्याचे भांडे दूर, त्याचे पाणी दूर. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुले केले होते. कागदावर ते प्रकरण निकालात निघाले होते. तथापि त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तेथे जावे लागले, आणि त्यानंतर त्या माणसांना मारहाण सोसावी लागली. तळे जवळ होते. जवळ केलेले नव्हते.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावर लिहिलेल्या त्या न झालेल्या भाषणात जे म्हटले आहे, ते आपणा बदलीवरच्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. केवळ शारीरिक सान्निध्याने माणसांचा समाज बनत नाही, आणि पुष्कळ मैल दूर राहण्याने कोणी आपल्या समाजातून बाहेर पडत नाही, असा त्यांचा आशय आहे. समाज बनतो तो परस्परांत वाटून घेतलेल्या जीवनाने. या विधानाचा उत्तरार्ध आपल्याला आवडतो; दूर राहूनही आपण महाराष्ट्राचेच आहोत, हे त्याने सिद्ध होते. पूर्वार्धाकडे मात्र आपली दृष्टी जात नाही.

सरकारी वसाहतीतला आपला जिना डोळ्यांपुढे आणावा. डावीकडे बंगाली कुटुंब, वर मल्याळी, खाली गढवाली. भिंत एका विटेची. पलीकडे मूल खोकले तर अलीकडे कळते. आणि पाच वर्षांनी बदलीचा हुकूम आला म्हणजे असे आढळते की, त्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. दरम्यानच्या काळात आपण दर पंधरवड्याला दोन बसगाड्या बदलून मंडळात जात होतो, गणेशोत्सवात नाटक बसवीत होतो, कोजागिरीला दूध आटवीत होतो. यात वाईट काही नाही. परप्रांती मंडळे नसती तर आपली मुले मराठीत रुसायला आणि हसायलाही शिकली नसती. पण मंडळ हा शब्द वर्तुळाचा आहे, आणि वर्तुळ आखताना आत कोण आले एवढेच आपण मोजतो. बाहेर कोण राहिले, हे मोजण्याची वही कोणत्याच मंडळात नसते.

दुसऱ्या बाजूस घर आहे. बदलीवरच्या माणसाची खरी जवळची माणसे पुष्कळदा हजार मैल दूर असतात. आता दूरध्वनीच्या पडद्यावर आईचा चेहरा रोज दिसतो. पूर्वी मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी जात, त्यापेक्षा हे सुख मोठे आहे, यात शंका नाही. परंतु चेहरा जवळ आला म्हणजे हात जवळ आला असे होत नाही. रात्री दोनला वडिलांना धाप लागली म्हणजे त्यांना उठवून बसविणारा हात शेजाऱ्याचा असतो, आणि तो शेजारी बहुधा आपल्या जातीचा, भाषेचा, नात्याचा असेलच असे नाही. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी संसदेने कायदा केला. कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. उशाशी बसणे मागता येत नाही. ते जो देतो त्याच्यावर कोणताही कायदा नव्हता. त्याने केवळ जवळ केले.

दोन्ही चित्रे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे हिशेब आपोआप जुळतो. तेथे आपल्या वडिलांना उठवून बसविणारा जो कोणी आहे, तो स्वतःच्या वर्तुळाबाहेर आलेला आहे. येथे आपल्या भिंतीपलीकडे जे मूल खोकते आहे, त्याचे आजी-आजोबा कोठेतरी हजार मैलांवर तशाच एखाद्या परक्या हाताच्या भरवशावर आहेत, आणि येथे त्याच्या आई-वडिलांनाही असा एखादा हात लागणार आहे. सबंध देशभर पसरलेल्या नोकरदारांचे संसार या न लिहिलेल्या कराराने चालतात: तुमच्या माणसांजवळ कोणीतरी असावे अशी तुमची इच्छा असेल, तर तुम्ही ज्यांच्याजवळ आहात त्यांचे तुम्ही कोणीतरी व्हा.

तेव्हा जवळच्यांचा हक्क अधिक काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. होय, अधिक आहे. पण तो आपल्या स्वतःच्या भाकरीवर, वेळेवर, झोपेवर आहे. आपल्या हाती सोपविलेल्या सत्तेवर तो तसूभरही नाही. आणि जवळचे कोण, ही यादी जन्माच्या वेळी बंद झालेली नसते. आपल्या करण्याने वा न करण्याने ज्याचे काही बरेवाईट होते, तो प्रत्येक मनुष्य त्या यादीत येण्यास पात्र आहे. मग तो भिंतीपलीकडे खोकणारा असो, की ढिगातल्या क्रमांकामागे उभी असलेली, कधीही न दिसणारी एखादी बाई असो. तिला जवळ करण्याची कारकुनाजवळ एकच रीत आहे: तिचे प्रकरण तिच्या क्रमाने, वेळेत आणि न्यायाने निकालात काढणे. त्या कामात मायेचा एक शब्दही नसतो. तरी तिच्यापर्यंत जे पोचते ते मायेहून कमी नसते.

फाईल क्लोज करणे हे आपले कामच आहे, आणि ते चोख व्हावे. शब्दाचा तो अर्थ कागदापुरता ठेवून, माणसांच्या बाबतीत आपल्या भाषेचे क्रियापद चालवावे, एवढेच सुचवावयाचे आहे.